मेलबॉक्स भरणे

मेलबॉक्स भरणे : ई-मेल खात्याला सर्व्हरवर नेमून दिलेली जागा संपल्यामुळे नवे संदेश स्वीकारणे बंद पडण्याची स्थिती. खाते चालू असते, पासवर्ड चालतो, जुने मेल उघडतात. नवे मात्र येत नाहीत. आज कोणी काही पाठवलेच नसेल, असे खातेदाराला वाटत राहते आणि बिघाडाची पहिली खबर बहुधा पाठवणाऱ्याला लागते. हा बिघाड किरकोळ समजू नये. मुलाखतीची बोलावणी, बँकेची विवरणे, आयकर खात्याच्या नोटिसा हे सारे आता याच वाटेने येते.

मेल पोचवताना दोन सर्व्हर एकमेकांशी ठरलेल्या आकड्यांत बोलतात. एसएमटीपी नावाचे हे नियम १९८२ साली लिहिले गेले आणि जागा संपल्याचे उत्तर त्यांत तेव्हापासून आहे : ५५२. पुढे त्याला ५.२.२ असा अधिक नेमका संकेत जोडला गेला. परत आलेल्या मेलमध्ये ५.२.२ दिसले, तर पत्ता बरोबर आहे पण पेटी भरली आहे, असे समजावे. पहिला अंक महत्त्वाचा. तो ४ असेल, म्हणजे ४५२ किंवा ४.२.२ असे उत्तर असेल, तर अडचण तात्पुरती धरली जाते. पाठवणारा सर्व्हर तो मेल रांगेत ठेवतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत, असे नियम सांगतात. तेवढ्यात जागा मोकळी झाली, तर अडकलेले मेल आपोआप येऊन पोचतात. पहिला अंक ५ असेल, तर मेल तिथल्या तिथे बाउन्स होतो, म्हणजे परत फिरतो, आणि पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवल्याशिवाय मिळत नाही. बाउन्सच्या सूचनेवर परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. तसे नसते, तर दोन भरलेल्या पेट्या एकमेकींना नकार पाठवत राहिल्या असत्या. चाळीस वर्षांपूर्वी एवढा पुढचा विचार झाला होता, हे कौतुकाचे आहे.

२००४ च्या सुरुवातीला हॉटमेलवर फुकट जागा मिळे ती २ एमबी, याहूवर ४ एमबी. पेटी रोजच्या रोज झाडावी लागे. त्या वर्षी १ एप्रिलला गूगलने १ जीबी जागेसह जीमेल जाहीर केले, तेव्हा तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. मेल पुसण्याची सवय तिथून सुटत गेली. मे २०१३ मध्ये गूगलने जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची जागा एकत्र करून १५ जीबी केली. आकडा मोठा झाला खरा, पण तीन बिऱ्हाडे एकाच टाकीवर आली. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले, आकार कमी केलेले फोटोही या हिशेबात धरले जाऊ लागले आणि २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यात आला. त्यामुळे आजच्या जीमेल खात्यात दोष अनेकदा मेलचा नसतोच. कुटुंबाच्या ग्रुपवरची सुप्रभाताची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ बॅकअपमध्ये साठत जातात आणि त्यांच्यापायी नोकरीचे पत्र बाहेर थांबते.

मजकुराने पेटी भरत नाही, हे मराठीच्या उदाहरणावरून चांगले कळते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. मेलसाठी बेस-६४ पद्धतीने बांधणी झाली, की तीनाचे चार बाइट होतात. म्हणजे पाच हजार चिन्हांचे ऐसपैस मराठी पत्र सुमारे २० केबीचे. तरीही १५ जीबीत अशी साडेसात लाख पत्रे मावतील. जागा खातात ती अटॅचमेंट : स्कॅन केलेले सातबारे, हस्तलिखिताच्या पानांचे फोटो, सादरीकरणे. बेस-६४ ची वाढ त्यांनाही लागू होते. १८ एमबीची फाइल २४ एमबीची होऊन निघते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात मेल पुसण्यापासून नव्हे, हिशेब पाहण्यापासून करावी. गूगलच्या स्टोरेज पानावर जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांनी किती जागा घेतली ते वेगवेगळे दिसते. फोटोंनी १२ जीबी घेतले असतील, तर हजारो जाहिरातींचे मेल पुसूनही फारसा फरक पडणार नाही. जागा मेलनेच घेतली असेल, तर आकाराने मोठे मेल आधी शोधावेत. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, मग कोलन (:) आणि लगेच १०एम असे टाइप केले, की १० एमबीहून मोठे मेल समोर येतात. आउटलुकमध्ये आकारानुसार क्रम लावता येतो. सेंट फोल्डर हमखास विसरला जातो. आपण पाठवलेल्या प्रत्येक फाइलीची प्रत तिथे पडून असते. कामाच्या फाइली आधी संगणकावर उतरवून, उघडून पाहाव्यात आणि मगच पुसाव्यात.

एवढे करूनही आकडा हलत नाही, अशी तक्रार नेहमी येते. पुसलेले मेल ट्रॅशमध्ये गेलेले असतात आणि जीमेल ते ३० दिवस ठेवते. तोवर जागा अडलेलीच राहते. ट्रॅश आणि स्पॅम हाताने रिकामे करावेत.

कार्यालयीन खात्यांची रीत वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनवर ५० जीबीच्या पेटीला ४९ जीबीला इशारा मिळतो, ४९.५ जीबीला मेल पाठवणे थांबते आणि ५० जीबीला येणेही. हा क्रम शहाणपणाचा आहे : मेल जाईनासा झाला की खातेदार लगेच जागा होतो आणि तोवर येणारे काही हुकत नाही.

स्वतःच्या डोमेनवर, होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर मेल ठेवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना आणखी खोल पाहावे लागते. आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीत मेल डिलीट केला तरी त्याच्यावर आधी नुसती खूण होते. काही प्रोग्रॅम तो कायमचा काढण्याची वेगळी आज्ञा देईपर्यंत तो सर्व्हरवर ठेवतात. पॉप, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीत ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय चालू राहिला, तर वर्षानुवर्षांचे मेल तिथे साचतात आणि ऑफिसातल्या संगणकावर पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कधी पेटीत जागा असते, पण संपूर्ण होस्टिंग खात्याची डिस्क वेबसाइटच्या जुन्या बॅकअपने भरलेली असते. पोस्टफिक्स या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये पेटीच्या फाइलीची मूळ मर्यादा ५,१२,००,००० बाइट, म्हणजे जेमतेम ५१ एमबी आहे. सगळे मेल एकाच फाइलीत साठवणाऱ्या सर्व्हरवर ती वाढवली नाही, तर डिस्क मोकळी असूनही मेल परत जातात.

जागा झाल्यावर दुसऱ्या खात्यावरून एक मेल पाठवून खात्री करावी आणि ज्यांचे मेल परत गेले असतील त्यांना ते पुन्हा पाठवायला सांगावे. माणसे पाठवतात, यंत्रणांचे तसे नसते. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या सेवा बाउन्स झालेले पत्ते बाजूला काढतात आणि त्यांच्याकडे पुढचे काही पाठवतच नाहीत. अशा संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन किंवा तिच्या ग्राहक सेवेला सांगून मेलचा पत्ता पुन्हा पडताळून घ्यावा लागतो.