फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आणि आमची कोठीची खोली



गेल्या उन्हाळ्यात आम्ही घराची दुरुस्ती काढली. आराखड्यात स्वयंपाकघरामागची कोठीची खोली आणि तिला लागून असलेली पाण्याची खोली, दोन्ही गायब होत्या. मुलगा म्हणाला, "आई, एवढ्याशा अंधाऱ्या खोल्या कशाला? भिंती पाडू, सगळं मोकळं होईल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. सूप उचललं आणि कोठीत जाऊन तांदूळ निवडत बसल्या.

मला दोघांचंही पटत होतं. म्हणून ठरवण्याआधी थोडं वाचलं. लहान खोलीचा इंच न् इंच कामाला लावायचा विचार पूर्वी कोणी केला होता का, हे शोधताना शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरापाशी पोहोचले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्ट शहरात अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली नगरपालिकेने कामगार आणि मध्यमवर्गीयांसाठी हजारो घरं बांधायला घेतली. घरं लहान, भाडं बेताचं, त्यामुळे स्वयंपाकघरही लहानच हवं. ते काम आलं मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांच्याकडे. १८९७ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या बाई वास्तुविशारद होत्या. गंमत म्हणजे तोवर आपण कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

मग त्यांनी काय केलं? क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनी गृहिणीची पावलं मोजून, ओटा, कपाट आणि मोरी कुठे असली की फेऱ्या वाचतात हे आकृत्या काढून दाखवलं होतं. लिहोत्स्कींनी ते वाचलं. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवलं आणि कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. १९२६ मध्ये तयार झालेलं त्यांचं स्वयंपाकघर होतं १.८७ मीटर रुंद आणि ३.४४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ६९ चौरस फूट! अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली.

एवढ्या जागेत काय काय होतं पाहा. खिडकीपाशी बसून भाजी चिरायचा ओटा आणि फिरतं स्टूल. ओट्यालाच कचरा लोटायची सोय. भिंतीला मिटून ठेवता येणारी इस्त्रीची फळी. छतावर सरकणारा दिवा. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, ज्यांना ओतायला तोटीसारखं तोंड. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत असं मानत. कपाटांना निळा रंग दिला, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हाची समजूत.

इथे मी थांबले. जीव मारायचा नाही, तो येणारच नाही अशी व्यवस्था करायची, हे तर आपल्या घरातलं रोजचं शिक्षण. फरक इतकाच, की त्यांनी ते लाकडाने आणि रंगाने साधलं, आपण काळाने साधतो. आमच्याकडे पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. मग मोठा डबा हवाच कशाला? तीन दिवसांचं पीठ मावेल एवढाच खण हवा. पाणी गाळायची जागा चुलीपासून चार पावलांवर हवी, कारण ते काम दिवसातून अनेकदा होतं. सासूबाईंच्या त्या दोन 'एवढ्याशा' खोल्या अशा हिशोबानेच बांधलेल्या होत्या. फक्त तो हिशोब कोणी कागदावर मांडला नव्हता.

पण फ्रँकफर्टच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ते स्वयंपाकघर एकाच बाईच्या मापाचं होतं. दोन्ही बाजूंना ओटे आणि कपाटं, मधल्या वाटेत दोघी आल्या की अडचण. बसायच्या खोलीकडे सरकतं दार ठेवलं होतं, स्वयंपाक करता करता मुलांवर लक्ष राहावं म्हणून. तरी पुढच्या काळात स्त्रीवादी अभ्यासकांनी टीका केली, की पावलं वाचली खरी, पण बाई एकटी पडली आणि घरकाम तिच्या एकटीचंच ठरून गेलं. लिहोत्स्कींचा हेतू मात्र बाईचा वेळ वाचावा हाच होता. पुढे नाझींविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ ते १९४५ त्या तुरुंगात होत्या. १०२ वर्षांचं आयुष्य जगून २००० मध्ये त्या गेल्या. त्यांची स्वयंपाकघरं आज न्यूयॉर्क आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत.

ती टीका वाचली आणि मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. कोठीत मी एकटी डाळ पाखडतेय, बाहेर सोप्यात सगळे हसताहेत, आणि कशाला हसताहेत ते मला ऐकू येत नाहीये. त्या खोलीचा दोष तिच्या लहानपणात नव्हता, तिच्या बंद भिंतीत होता. आणि मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लागला की त्याच खोलीत चौघीजणी एकमेकींच्या अंगावर. महाराज उभ्यानेच, ओंजळीत आहार घेतात. घरातल्या प्रत्येकाला हातभार लावायचा असतो, पण अर्धी माणसं दाराबाहेरच राहायची.

एक दिवस सकाळी मी वही घेऊन सासूबाईंच्या फेऱ्या मोजल्या. पाण्याच्या खोलीतून चुलीपाशी, चुलीपासून कोठीत. नाश्त्याआधीच एकतीस. गुडघे धरून एकतीस. वही मुलासमोर ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला.

शेवटी दोन्ही खोल्या राहिल्या. कोठीची स्वयंपाकघराकडची भिंत कमरेपर्यंत उतरवली. बसून काम करता येईल असा एक ओटा खाली घेतला. पाणी गाळायची जागा चुलीजवळ आणली. खण लहान केले. मिस्त्रीने विचारलं, मधली वाट किती ठेवू? मी सासूबाईंना बोलावलं. त्या आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहिलो, दोघींच्या हातात सूप. "एवढी ठेव," त्या म्हणाल्या. मिस्त्रीने टेप लावली. साडेचार फूट भरले.