‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ : एका पाटीचा इतिहास

“डॉक्टर, पेढे की बर्फी, एवढंच सांगा ना!” सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करत एक आजी मला हळूच म्हणाल्या. शेजारी सून मान खाली घालून बसली होती. बाळाची वाढ, पाणी, वार सगळं व्यवस्थित होतं. पण आजींना जे हवं होतं ते रिपोर्टमध्ये नव्हतं, आणि ते खुणेनेही सांगणं हा गुन्हा आहे. “एवढं मोठं मशीन, आणि साधी गोष्ट सांगत नाही!” असं त्या पुटपुटल्या. सोनोग्राफी केंद्रात लावलेली ती पाटी कुठून आली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

1956 साली कोपनहेगनमध्ये फुक्स आणि रीस या डॉक्टरांनी गर्भजलातील पेशी तपासून गर्भाचं लिंग ओळखता येतं हे दाखवलं. त्याचा पहिला उपयोग झाला तो हिमोफिलियासाठी. रक्त न गोठण्याचा हा आनुवंशिक आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. म्हणजे या तपासणीमागे काळजी होती ती मुलग्याच्या आजाराची. मुलगी नको हा विचार त्यात नव्हता! 1958 मध्ये ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी, धातूतले तडे शोधणाऱ्या यंत्राच्या तत्त्वावर, पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहण्याची पद्धत मांडली. तीच आजची सोनोग्राफी.

आपल्याकडे गर्भजल तपासणी 1970 च्या दशकात आली, तीही आनुवंशिक दोष शोधण्यासाठीच. पण लिंग कळतं म्हटल्यावर लोक त्याच कारणासाठी येऊ लागले. सरकारने सरकारी रुग्णालयांत यावर बंदी घातली. खासगी दवाखाने मोकळेच राहिले. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढे हुंड्याचे हजारो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती त्या काळी उघडपणे झळकत. 1986 च्या सुमारास मुंबईतील 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले 42 जण लिंग जाणून घेण्यासाठी ही तपासणी करत असल्याचं आढळलं. हे लिहिताना माझ्याच व्यवसायाची लाज वाटते. मागणी समाजाची होती हे खरं, पण दुकान आम्ही उघडलं होतं.

तेव्हाचा युक्तिवाद असा : चार मुली झालेल्या बाईची सुटका होते, लोकसंख्या आटोक्यात राहते, आणि शेवटी हा तिचाच निर्णय. ऐकायला पटतं. पण मुलगी झाली तर माहेरी पाठवू, दुसरं लग्न करू, अशी टांगती तलवार असताना दिलेल्या होकाराला निर्णय म्हणायचं का? स्त्री संघटना आणि काही डॉक्टरांनी मुंबईत हाच प्रश्न लावून धरला. त्यातून 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि तो 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला.

अंमलबजावणी मात्र कागदावरच राहिली. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913, आणि 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 807. 2000 मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना धारेवर धरल्यावर सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी कडक झाली आणि 2003 मध्ये कायदा दुरुस्त झाला.

आता तुमच्या उपयोगाचं. सोनोग्राफीआधी ज्या फॉर्मवर सही घेतात, त्यात गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं गर्भवती लिहून देते. सांगणारा डॉक्टर आणि विचारणारे नातेवाईक, दोघांनाही तुरुंगवास होऊ शकतो. गर्भवतीवर पती किंवा नातेवाइकांनी सक्ती केली, असंच कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध होईपर्यंत ती दोषी नाही.

आणखी एक गैरसमज. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द इतका रुजला की गर्भपात म्हणजेच गुन्हा असं अनेकींना वाटतं. तसं नाही. 1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी आणि मुदतीत गर्भपात कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंग पाहून निवड करण्याचा. या भीतीपोटी एखादी बाई भोंदूकडे गेली, तर तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून अडचण असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातच जा, आणि वेळेत जा.

तंत्र थांबत नाही. आता दहाव्या आठवड्यापासून आईच्या नुसत्या रक्तावरून डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची चाचणी होते, आणि त्यातही लिंग कळू शकतं. कायदा तिलाही लागू आहे. पण रक्ताची बाटली गुपचूप कुठेही पाठवता येते. तिथे पाटी लावायला भिंत नाही.

आजींना मी एवढंच म्हटलं, “बाळ ठणठणीत आहे. सुनेचं हिमोग्लोबिन मात्र नऊ आहे, त्याचं आधी बघू.” सुनेने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.