एकांतकोठडी : एका सुधारणेची कुळकथा

माणसाला इतरांपासून तोडून बंद करून ठेवण्याची कल्पना राजसत्तेइतकीच जुनी असली, तरी ठरावीक मापाची खोली, ठरावीक मुदत, ठरावीक दिनक्रम आणि त्यामागे कैद्याला सुधारण्याचा उघड हेतू अशा स्वरूपातील एकांतकोठडी जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वर्षांची आहे. त्याआधी युरोपात तुरुंग ही मुख्यतः खटल्याची वाट पाहणाऱ्यांना आणि कर्जबुडव्यांना अडकवून ठेवण्याची जागा होती, आणि खरी शिक्षा फटके, डाग, अवयवच्छेद किंवा फाशी यांच्या रूपाने शरीरावर होत असे. पेशवाईत डोंगरी किल्ल्यांवर बेड्या घालून ठेवलेल्या कैद्यांच्या अंधारकोठड्यांमागेही बंदोबस्त, दहशत किंवा सूड यांपलीकडचा विचार नव्हता. कोठडीत एकटे ठेवल्याने माणूस चांगला होईल, हा विश्वास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि अमेरिका येथील धर्मनिष्ठ व भूतदयावादी मंडळींनी रुजवला. या शिक्षेच्या पुढच्या सगळ्या इतिहासावर त्या विश्वासाची छाया पडलेली आहे.

बेडफर्डशायर या इंग्लिश परगण्याचा १७७३ मध्ये शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्डला असे आढळले, की निर्दोष सुटलेली माणसेदेखील तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आतच खितपत पडली आहेत. मग त्याने देशोदेशीचे तुरुंग पाहिले, आणि गर्दी, तुरुंगज्वर, दारू व खंडणी यांनी भरलेल्या कोठारांचे १७७७ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे वर्णन इंग्लंडच्या संसदेपर्यंत पोहोचले. प्रत्येक कैद्याला रात्री झोपण्यासाठी वेगळी खोली असावी, ही त्याची मागणी मुळात रोगराई, मारहाण आणि कुसंगत यांपासून दुबळ्या कैद्याचे रक्षण व्हावे म्हणून होती. जोनास हॅनवे या भूतदयावादी इंग्रजाने मात्र १७७६ मध्येच एकांताला थेट नैतिक औषधाचे रूप दिले होते. या दोन विचारांचा संगम झालेला प्रायश्चित्तगृहांचा कायदा इंग्लंडमध्ये १७७९ साली मंजूर झाला, पण त्याची अंमलबजावणी रेंगाळली आणि प्रयोगाचे पहिले मोठे क्षेत्र ठरले ते फिलाडेल्फिया.

तेथे १७८६ च्या कायद्याने कैद्यांना रस्त्यावर साखळदंडात राबवण्याची प्रथा सुरू झाली होती. हे उघडे प्रदर्शन कैद्याला निर्लज्ज आणि बघ्यांना निर्दय करते, असे डॉक्टर बेंजामिन रश यांचे म्हणणे होते. त्याच विचाराच्या मंडळींनी १७८७ मध्ये सार्वजनिक तुरुंगांतील यातना कमी करण्यासाठी एक संस्था स्थापन केली, आणि तिच्यात शांत प्रार्थनेत माणसाला अंतरीचा प्रकाश सापडतो असे मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे वजन मोठे होते. संस्थेच्या आग्रहाने १७९० मध्ये वॉलनट स्ट्रीट तुरुंगाच्या आवारात निर्ढावलेल्या गुन्हेगारांसाठी १६ एकांतकोठड्या बांधण्याची तरतूद झाली. या माणसांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, कारण फाशीचा दोर आणि चाबूक हटवून त्यांच्या जागी काहीतरी कमी अमानुष आणावे, हीच त्यांची धडपड होती.

या विचाराचे पूर्ण रूप म्हणजे १८२९ मध्ये फिलाडेल्फियात उघडलेला ईस्टर्न स्टेट तुरुंग होय. वास्तुकार जॉन हॅव्हिलंडने मध्यभागी एक टेहळणीचे दालन ठेवून त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सात लांबलचक इमारती काढल्या आणि प्रत्येक कोठडीला छतातून उजेड येणारा झरोका, उष्णतेची सोय, शौचकूप आणि मागच्या बाजूस उंच भिंतींचे स्वतंत्र अंगण दिले. शेजारच्या दोन अंगणांतील कैदी एकाच वेळी बाहेर येणार नाहीत, अशी वेळेची आखणी होती. जेवण दारातील खिडकीवजा फटीतून दिले जाई, कैद्याला नावाऐवजी क्रमांक असे, आणि कोठडीबाहेर नेताना त्याच्या डोक्यावरून टोपडे ओढून चेहरा झाकला जाई, जेणेकरून त्याने कोणाला पाहू नये आणि सुटकेनंतर त्याला कोणी ओळखू नये. बायबल आणि चांभारकाम किंवा विणकाम यांसारखा हातचा उद्योग एवढीच काय ती सोबत. कैद्याच्या अब्रूची इतकी काळजी घेणाऱ्या या योजनेने माणसाच्या आवाजाची, चेहऱ्याची आणि स्पर्शाची गरज मात्र हिशेबातच धरली नव्हती.

वास्तविक या प्रयोगाचा निकाल तुरुंगाचे दरवाजे उघडण्यापूर्वीच हाती आलेला होता. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न तुरुंगात १८२१ च्या अखेरीस ८० कैद्यांना कामाशिवाय संपूर्ण एकांतात ठेवून पाहण्यात आले, तेव्हा काहींना वेड लागले, काहींनी जीव देण्याचा प्रयत्न केला, अनेकांची प्रकृती खचली, आणि दोन वर्षांच्या आत तो प्रयोग गुंडाळून कित्येकांना माफी द्यावी लागली. ऑबर्नने त्यानंतर दिवसा मूकपणे एकत्र काम आणि रात्री स्वतंत्र कोठडी अशी पद्धत स्वीकारली. फिलाडेल्फियाच्या पुरस्कर्त्यांनी मात्र दोष एकांताचा नसून कामाच्या अभावाचा आणि अपुऱ्या जागेचा आहे, असे उत्तर दिले. प्रत्येक अपयशानंतर कोठडीची रचना सुधारायची आणि कोठडीच्या तत्त्वाला हात लावायचा नाही, ही या इतिहासातील सर्वांत घातक सवय येथे प्रथम दिसते.

ईस्टर्न स्टेट पाहण्यासाठी जगभरचे लोक आले. १८३१ मध्ये अमेरिकेत आलेले फ्रान्सचे तोकव्हिल आणि बोमाँ पुष्कळसे अनुकूल मत घेऊन परतले, तर १८४२ मध्ये आलेल्या चार्ल्स डिकन्सने मनावर होणारा हा संथ अत्याचार शरीराच्या कोणत्याही छळाहून वाईट असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी लंडनमध्ये उघडलेल्या पेंटनव्हिल तुरुंगात फिलाडेल्फियाचीच पद्धत आली, आणि प्रार्थनामंदिरातदेखील प्रत्येक कैद्यासाठी वेगळा कप्पा करण्यात आला. तेथे एकांताची मुदत १८ महिने ठरली होती, ती पुढे ९ महिन्यांवर आणावी लागली. माणसाचे मन किती काळ तग धरते, याचा अंदाज अशा रीतीने जिवंत माणसांवरच घेतला जात होता.

भारतात ही शिक्षा इंग्रजांच्या कायद्याबरोबर आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७३ अन्वये सक्तमजुरीच्या कैद्याला न्यायालय एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतवास देऊ शकत असे, आणि कलम ७४ अन्वये तो सलग १४ दिवसांहून अधिक नसावा व मध्ये निदान तेवढ्याच दिवसांची विश्रांती असावी, असे बंधन होते. ही बंधने घालणाऱ्यांना या शिक्षेची ताकद ठाऊक होती, हे उघड आहे. मात्र १८९६ ते १९०६ या काळात पोर्ट ब्लेअर येथे उभारलेल्या सेल्युलर तुरुंगात सुधारणेचा बुरखाही उरला नाही. मधल्या मनोऱ्याभोवती सात तीनमजली इमारती, त्यांत सुमारे ७०० स्वतंत्र कोठड्या, आणि एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी मांडणी, म्हणजे समोरच्या कैद्याशी खूणही करता येऊ नये. आराखडा फिलाडेल्फियाच्या वंशातला असला, तरी येथे प्रार्थनेची जागा कोलूने, म्हणजे तेलाच्या घाण्याने, घेतली होती. मराठी वाचकाला ही वास्तू विनायक दामोदर सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे परिचित आहे. ते आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव एकाच तुरुंगात असूनही बराच काळ एकमेकांना भेटू शकले नव्हते.

एकोणिसावे शतक संपता संपता अमेरिकेत या पद्धतीला ओहोटी लागली. १८९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेडली प्रकरणात जुन्या प्रयोगांचा आढावा घेऊन, अल्प काळाच्या एकांतानेही अनेक कैदी बधिर झाले आणि काही ठार वेडे झाले, अशी नोंद केली. ईस्टर्न स्टेटमध्येही वाढत्या गर्दीमुळे एका कोठडीत अनेक कैदी कोंबावे लागले आणि १९१३ मध्ये एकांताची पद्धत अधिकृतपणे संपली. एवढ्यावर ही कुळकथा थांबली असती, तर ती फसलेल्या एका सुधारणेची कथा ठरली असती.

परंतु १९७० नंतर अमेरिकेत गुन्हेगारीविरुद्ध कठोर मोहिमांचे राजकारण सुरू झाले, अमली पदार्थांसाठी दीर्घ मुदतीच्या सक्तीच्या शिक्षा आल्या, आणि १९८० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास असलेली बंदिवानांची संख्या २००८ पर्यंत २३ लाखांच्या घरात गेली. या गर्दीला धाकात ठेवण्यासाठी जुनी कोठडी पुन्हा बाहेर काढण्यात आली. इलिनॉय राज्यातील मेरियन तुरुंगात १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी दोन पहारेकऱ्यांची हत्या झाल्यानंतर सबंध तुरुंग कुलूपबंद करण्यात आला आणि आणीबाणीचा तो उपाय २३ वर्षे चालला. १९८९ मध्ये उघडलेल्या कॅलिफोर्नियातील पेलिकन बे तुरुंगात तर खिडक्या नसलेल्या हजारावर कोठड्या याच कामासाठी बांधल्या गेल्या. येथे फरक पडला तो अधिकाराचा. पूर्वी एकांत हा न्यायाधीशाने दिलेल्या शिक्षेचा, मोजलेल्या मुदतीचा भाग असे, आता तो टोळीशी संबंध असल्याच्या संशयावरून तुरुंग प्रशासनाने केलेला ‘सुरक्षेचा बंदोबस्त’ झाला आणि त्याला शेवटची तारीखच उरली नाही. पेलिकन बेमध्ये २०११ च्या सुमारास पाचशेहून अधिक कैदी दहा वर्षांपेक्षा जास्त काळ अशा कोठडीत होते, तर लुइझियानाचे अल्बर्ट वुडफॉक्स २०१६ मध्ये सुटले तेव्हा त्यांच्या एकांताची जवळजवळ ४४ वर्षे भरली होती.

हा प्रश्न जगापुढे आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर कोठडीतील माणसांनाच द्यावे लागते. त्यांच्या हाकेवरून जुलै २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे ३०,००० कैद्यांनी अन्न नाकारले, आणि २०१५ च्या न्यायालयीन तडजोडीने तेथील बेमुदत एकांत बराचसा आटोक्यात आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम नेल्सन मंडेलांच्या नावाने स्वीकारले. दिवसाचे २२ तास किंवा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपुढे नेण्यास मनाई, असे ते नियम सांगतात.

भारतात या वादाचा मुख्य टप्पा म्हणजे १९७८ चा सुनील बत्रा खटला. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या बत्रा यांना १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३० च्या आधारे एकटे ठेवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की ते कलम एकांतवासाची परवानगी देत नाही, कारण एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा असून ती देण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याला नाही, आणि तुरुंगाच्या दारात कैद्याचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. विधी आयोगाने तर १९७१ मध्येच ही शिक्षा दंड संहितेतून काढून टाकण्याची शिफारस केली होती. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११ आणि १२ म्हणून १८६० च्या त्याच तरतुदी, तीन महिने आणि १४ दिवस यांच्या त्याच मापांसह, कायम आहेत. वसाहतीचा वारसा पुसण्याच्या घोषणेसह आलेल्या कायद्यात हा वारसा तसाच उतरवला गेला, ही गोष्ट गंभीर आहे.

महाराष्ट्राच्या मोठ्या कारागृहांतील अतिसुरक्षा विभागांना, त्यांच्या अंडाकृती रचनेवरून, कैदी आणि वकील ‘अंडा सेल’ म्हणतात. चाकाच्या खुर्चीवाचून हलता न येणारे प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूर मध्यवर्ती कारागृहात अनेक वर्षे अशाच अंडा सेलमध्ये होते, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी त्यांना निर्दोष मुक्त केले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. न्यायालयाने दिलेल्या एकांतवासाला निदान १४ दिवसांची मर्यादा आहे, परंतु कैद्याला सुरक्षेच्या कारणावरून अंडा सेलमध्ये ठेवण्याचा निर्णय शिक्षा या सदरात मोडत नसल्यामुळे ती मर्यादा त्याला लागू केली जात नाही.