कृतिसंशोधन : प्रश्न कोणाचा?

कृतिसंशोधनाची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमातील एक घटक म्हणून होते. वस्तुतः त्याचा इतिहास हा एका वादाचा इतिहास आहे. वर्गातील अध्यापनाची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होय.

या संज्ञेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती कुर्ट लेविन यांच्या १९४६ मधील लेखामुळे. योजना, कृती, परिणामांचे निरीक्षण आणि त्यावरून पुन्हा योजना, असा क्रम त्यांनी मांडला. त्यांचा विषय मात्र अल्पसंख्य समाजांचे प्रश्न हा होता. शालेय क्षेत्रात हा विचार रुजविला तो कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी यांनी. शिक्षकाने स्वतः केलेल्या चिकित्सेतूनच त्याची पद्धती बदलण्याचा संभव अधिक, असे प्रतिपादन त्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात केले. तथापि १९५७ मध्ये हॅरॉल्ड हॉजकिन्सन यांनी शिक्षकांच्या संशोधनविषयक तयारीवरच आक्षेप घेतला. विद्यापीठीय संशोधनाच्या मापाने मोजले असता वर्गातील शोध उणा ठरला आणि अमेरिकेत ही चळवळ मंदावली.

तिला नवे बळ लाभले ते इंग्लंडात. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये मापच बदलले. अभ्यासक्रम म्हणजे वर्गात पारखून घ्यावयाचे गृहीतक, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य केली की शिक्षक हा आपोआपच संशोधक ठरतो. जॉन एलियट व क्लेम अॅडेलमन यांच्या १९७३ ते १९७५ मधील फोर्ड अध्यापन प्रकल्पात शिक्षक, विद्यार्थी व निरीक्षक या तिघांची निवेदने परस्परांशी ताडून पाहण्यात आली. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट उद्‌बोधक आहे. ‘हे सर्वांना मान्य आहे ना?’ असा प्रश्न शिक्षक चर्चेत सहज विचारतो. परंतु अशा प्रश्नाने विद्यार्थ्यांचे भिन्न मत मनातच राहू शकते. हा दोष परीक्षेच्या गुणांत दिसत नाही आणि त्रयस्थाच्या अहवालाने सुधारतही नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून शिक्षकाला तो स्वतःच जाणवावा लागतो.

महाराष्ट्रातील बी. एड. अभ्यासक्रमांत आज कृतिसंशोधनाला स्थान आहे. मात्र विषय ठरीव, साचा तयार आणि निष्कर्ष अपेक्षित असेल, तर अहवाल पूर्ण होतो, पण प्रश्न शिक्षकाचा राहत नाही. कोरी आणि स्टेनहाउस यांनी ज्यासाठी आग्रह धरला, ते नेमके हेच स्वामित्व होते.