नववा वाचला, आठवा गेला

२०१५-१६च्या आय-लीगचा शेवटचा गुणतक्ता आज काढून बघा. एकूण नऊ संघ. तळाला, म्हणजे नवव्या क्रमांकावर, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. त्याच्या वर आठवा, मिझोरामचा आयझॉल एफसी. आणि खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला तो आठवा.

ही छपाईची चूक नाही. नियमच तसा होता.

भारतीय फुटबॉलमध्ये पैसा यावा म्हणून महासंघाने त्या काळात कंपन्यांना आय-लीगचं दार थेट उघडून दिलं होतं. ठरलेली फी भरा, मैदानाची आणि युवा संघांची हमी द्या, खालच्या डिव्हिजनमधून चढून येण्याची गरज नाही. शिवाय सुरुवातीची काही वर्षं तुमचा संघ तळाला गेला तरी खाली पाठवणार नाही. २०१३मध्ये बेंगळुरू एफसी याच दारातून आला आणि पहिल्याच मोसमात विजेता झाला, त्यामुळे योजना कशी झकास आहे हे सांगायला उदाहरण मिळालं. पण पुढच्याच वर्षी पुण्याचा भारत एफसी असाच आला, शेवटून पहिला आला, आणि त्याच्याऐवजी खाली गेला गोव्याचा धेंपो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो! गुंतवणूकदाराला थोडी खात्री हवी, हे समजू शकतं. पण एकाला दिलेल्या खात्रीची किंमत दुसऱ्याने मोजायची, याचा हिशोब कुणी मांडला नव्हता.

डीएसके शिवाजियन्सचाही तो आय-लीगमधला पहिलाच मोसम. म्हणजे एकाच वर्षी दोन नवखे संघ वर्गात आले. एक परीक्षा देऊन, एक फी भरून.

आयझॉल एफसी १९८४चा क्लब. राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत जेमतेम अकरा लाख. डोंगरउतारावर वसलेल्या त्या शहरात सपाट जागा हीच चैन. तरीही फुटबॉल घराघरात, कारण २०१२मध्ये तिथे मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि एका स्थानिक केबल चॅनेलने तिचे सामने थेट दाखवायला सुरुवात केली. दोनच वर्षांत, २०१४मध्ये, मिझोरामने संतोष करंडक जिंकला. २०१५मध्ये आयझॉलने सेकंड डिव्हिजन जिंकली आणि आय-लीगमध्ये खेळणारा मिझोरामचा तो पहिला क्लब ठरला.

पहिला मोसम खडतरच गेला. सोळा सामन्यांची लीग, त्यात स्पॅनिश प्रशिक्षक मोसमाच्या मध्यातच गेले आणि बंगालच्या जहर दास यांनी संघ हाती घेतला. आयझॉल वाईट खेळला नाही, पण नवखा संघ जिथे गुण सांडतो तिथे त्यांनीही सांडले. आठवा क्रमांक त्यांच्या खेळाला साजेसाच होता, तो काही अन्याय नव्हता. अन्याय त्यानंतरचा.

लीग संपल्यावर फेडरेशन कप झाला. खाली जाणार हे ठरलेला संघ त्यात काय करेल? आयझॉलने नुकत्याच विजेत्या झालेल्या बेंगळुरूला घरी पाठवलं, मग गोव्याच्या स्पोर्टिंगला. २१ मे २०१६ला गुवाहाटीत अंतिम सामना, समोर मोहन बागान, आणि बागानच्या आघाडीला मिझोरामचाच जेजे लालपेखलुआ. निकाल ५-०. मार खाल्ला, पण देशातल्या दुसऱ्या क्रमांकाचा चषक-संघ आता सेकंड डिव्हिजनचा होता.

पुढे जे झालं ते मैदानावर झालंच नाही. आयएसएल ही देशातली मुख्य लीग होणार आणि आय-लीग दुय्यम ठरणार, असा आराखडा महासंघाने मांडला. गोव्याचे क्लब चिडले. साळगावकर आणि स्पोर्टिंगने आय-लीग सोडली. खालून चढून परत आलेल्या धेंपोनेही नकार दिला. जागा रिकाम्या झाल्या आणि दाद मागत बसलेल्या आयझॉलला परत बोलावलं गेलं. ज्या हातांनी ढकललं त्यांनीच वर ओढलं. दोन्ही वेळा चेंडूचा संबंध नव्हता.

त्याच सुमारास मुंबई एफसीने सात वर्षं सांभाळलेले प्रशिक्षक खालिद जमील यांना निरोप दिला. मोठं बजेट नसताना संघ तगवून ठेवायचा, ही त्यांची खासियत. पण तगून राहण्याला कोण टाळ्या वाजवतो? ते आयझॉलला गेले. मागोमाग मुंबईचेच आशुतोष मेहता आणि जयेश राणे. सोबत सीरियाचा अल अम्ना, लायबेरियाचा जारयान, आणि बाकी बहुतेक मिझो पोरं.

२०१६-१७च्या मोसमात हे लोक काय करत आहेत, हे कोलकात्याला एप्रिलमध्ये कळलं. २२ एप्रिलला आयझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध सामना ०-० चालला होता. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्तेने हेडर मारला. १-०. आता शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती.

तो सामना ३० एप्रिलला शिलाँगमध्ये. आयझॉलचे पाठीराखे डोंगरातल्या रस्त्यांनी गाड्या करून पोचले. नवव्या मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल केला. तासभर तोच एक गोल छातीवर घेऊन सगळे बसले होते. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि मग उरलेली मिनिटं नुसती मोजायची होती. आयझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि काही दिवसांनी बंद झाला. डीएसके शिवाजियन्सही २०१७मध्येच संपला. ज्याला तीन वर्षं खाली पडू द्यायचं नाही असं ठरलं होतं, तो दोनच वर्षं उभा राहिला.

आणि विजेता? पुढच्या मोसमात आयएसएल आय-लीगच्या बरोबरीने भरली. बेंगळुरू तिकडे गेला. आयझॉलला बोलावणं आलं नाही. आय-लीग जिंकलं तरी वर जाण्याची पायरीच तेव्हा नव्हती. लीग जिंकून आयएसएलमध्ये चढलेला पहिला क्लब दिसायला २०२३ उजाडलं, आणि तो पंजाबचा होता. खालिद जमील विजेतेपदानंतर ईस्ट बंगालला गेले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.