कोटाच्या खुंटीची किंमत

कमी देऊन जास्त पैसे घेणं ही एक थोर विद्या आहे. ती सगळ्यांना साधत नाही. दूधवाला ती पाणी घालून साधू बघतो, म्हणून लोकांच्या शिव्या खातो. निसर्गोपचार केंद्रवाले मात्र हीच विद्या राजरोस चालवतात. सकाळी अर्धी वाटी दुधीचं पाणी, दुपारी एक काकडी, रात्री देवाचं नाव. आणि आठ दिवसांनी बिल हातात पडतं ते थेट पंचतारांकित हॉटेलचं. तरी माणूस ‘काय हलकं वाटतंय!’ म्हणत घरी येतो. (हलकं काय झालं, पोट की पाकीट, हे विचारायचं नसतं.) पण या विद्येतले खरे आचार्य म्हणजे स्पोर्ट्स कार बनवणारे. रस्त्यावर धावणारी एक चांगली गाडी घ्यायची, तिच्यातली मागची सीटं, गालिचा, रेडिओ, एअर कंडिशनर असलं सगळं काढून टाकायचं, आणि ‘ही खास शर्यतीच्या ट्रॅकसाठी बरं का!’ असं सांगून मूळ गाडीपेक्षा महाग विकायची. गिऱ्हाइकं रांग लावतात.

मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. आमच्या शास्त्रात एका बाजूनं काही गेलं तर दुसऱ्या बाजूनं काही आलं पाहिजे. इथे गालिचाही जातो आणि पैसेही जातात, तरी गिऱ्हाइकाचा ताळेबंद जुळतो! हे काय गौडबंगाल आहे, आणि असल्या गाड्या खरोखर घेण्याच्या लायकीच्या असतात का, याचा छडा लावायचा तर खातेवही पहिल्या पानापासून उघडावी लागते.

पहिल्या पानावरची नोंद अगदी सरळ आहे. साल १९५४. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स हॉफमन नावाचा युरोपी मोटारींचा आयातदार होता. त्यानं जर्मनीतल्या पोर्शे कंपनीला सांगितलं, की बाबांनो, अमेरिकेत खपवायची तर काहीतरी स्वस्तातली गाडी द्या. कंपनीनं आपल्या ३५६ मॉडेलची ‘स्पीडस्टर’ काढली. काच बुटकी, टप पातळ, दारांना खिडक्यांऐवजी काढघाल करायचे पडदे. किंमत २,९९५ डॉलर, म्हणजे तीन हजारांना पाच कमी. (बाटाच्या दुकानातल्या किमतीचं मूळ मला इथे सापडलं.) कॅलिफोर्नियातली हौशी मंडळी शनिवारी ती गाडी शर्यतीला नेत, पळवत, आणि रविवारी तिच्यातूनच घरी परत येत. थोडक्यात, कमी माल, कमी दाम. इथपर्यंत आमच्या बी.कॉम.ला काही हरकत नाही.

भानगड सुरू झाली ती नियमांमुळे. जगातल्या बहुतेक भानगडी तशाच सुरू होतात. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं म्हणणं असं, की ‘ग्रँड टूरिंग’ गटात पळवायची गाडी ही खास शर्यतीपुरती बनवलेली नको, बाजारात विकलेली हवी. अमुक इतक्या गाड्या बनवा, मग मान्यता देतो. अशी मान्यता मिळालेल्याला इटालियन भाषेत ‘ओमोलोगातो’ म्हणतात. १९६२ साली फेरारीनं जी गाडी काढली तिच्या नावातच हा शब्द घालून टाकला : २५० जी.टी.ओ., म्हणजे ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’. आपल्याकडे कर्जाच्या अर्जावर ‘मंजूर’ असा शिक्का मारतात; फेरारीनं तो अर्जदाराच्या नावातच मारला!

नियम होता शंभर गाड्यांचा. फेरारीनं १९६२ ते १९६४ या काळात बनवल्या छत्तीस. मग मान्यता कशी मिळाली? युक्तिवाद असा, की ही नवी गाडी नव्हेच. आमच्या आधीच मंजूर असलेल्या २५० जी.टी.ला फक्त नवं अंग चढवलंय. हे वाचून मी खुर्चीतच हसलो. कारण जुन्या कर्जाचं नूतनीकरण करून नवं कर्ज काढणारी माणसं आम्ही काउंटरवर रोज बघतो. या जी.टी.ओ.त आतली सजावट इतकी बेताची होती की स्पीडोमीटरसुद्धा बसवला नव्हता. एका अर्थी बरोबरच आहे. आपण किती वेगात चाललोय हे जिला मागची गाडी सांगते, तिला काटा कशाला?

पण आमच्या कथेची नायिका ही नव्हे. ती आली १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात : पोर्शे ९११ कॅरेरा आर.एस. २.७. शर्यतीच्या मान्यतेसाठी पाचशे गाड्या विकणं भाग होतं, आणि कंपनीच्या विक्री विभागालाच खात्री नव्हती की एवढे शहाणे, किंवा एवढे वेडे, सापडतील. गाडीच्या पाठीला इंजिनाच्या झाकणावर एक उंचवटा काढला होता. भरधाव जाताना गाडीचा मागचा भाग हवेनं उचलला जातो, तो दाबून धरण्यासाठी. जर्मन लोकांनी त्याला लाडानं ‘एन्टेनब्युर्त्सेल’ म्हटलं. म्हणजे बदकाचं बूड. चौतीस हजार मार्कांच्या गाडीला असलं नाव ठेवायला जर्मन माणूसच हवा.

आता हिशेब बघा. मूळ किंमत ३४,००० मार्क. त्यावर दोन प्रकार. ‘स्पोर्ट’ हवी असेल तर ७०० मार्क जास्त. त्यात मागची सीटं नाहीत, गालिचा नाही, घड्याळ नाही, हात टेकवायला दांडी नाही, आणि कोट टांगायची खुंटी नाही. पत्रा पातळ, काच पातळ. बॉनेटवरचं कंपनीचं मानचिन्हसुद्धा सुरुवातीला धातूचं नव्हतं, नुसतं चिकटवलेलं होतं. असं करत करत वजन आणलं ९६० किलोवर. आणि ज्याला हे सगळं परत हवं असेल त्यानं ७०० ऐवजी २,५०० मार्क भरून ‘टूरिंग’ घ्यायची. वजन १,०७५ किलो. म्हणजे काढायचेही पैसे, ठेवायचेही पैसे! मला आमच्या बँकेची आठवण आली. खात्यात पैसे कमी ठेवले तरी दंड, आणि मुदतीची ठेव आधी मोडली तरी दंड.

मी हे घरी सांगितलं तेव्हा सौ.नं एकच प्रश्न विचारला : “अहो, पण खुंटी नाही तर कोट ठेवायचा कुठं?”

“अंगात,” मी म्हणालो.

“मग वजन कमी कसं झालं?”

या प्रश्नाचं उत्तर स्टुटगार्टच्या इंजिनिअरांनाही देता आलं नसतं. पण गंमत पुढेच आहे. मान्यतेसाठी वजन दाखवायचं होतं हलक्या गाडीचं. म्हणून सुरुवातीच्या गाड्या आधी अशाच उघड्याबोडक्या तयार करायच्या, काट्यावर नेऊन त्यांचं वजन करून घ्यायचं, आणि मग कारखान्यात परत आणून गिऱ्हाइकानं मागितलेल्या गाद्यागिरद्या आत बसवायच्या. लग्न ठरेपर्यंत डाएट आणि ठरल्यावर श्रीखंड, हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असं समजू नये.

आणि खप? पाचशे गाड्या नोव्हेंबर संपायच्या आत संपल्या! शेवटी १९७३ च्या जुलैपर्यंत १,५८० बनवाव्या लागल्या. पैकी १,३०८ टूरिंग. स्पोर्ट फक्त २००. उरलेल्यांत ५५ निव्वळ शर्यतीच्या आणि १७ मूळ उघड्याबोडक्या. हे आकडे मी दोनदा पडताळून बेरीज केली, जमते. या बेरजेत मला माणसाचा सगळा स्वभाव दिसतो. नाव शर्यतीच्या गाडीचं हवं, बदकाचं बूड हवं, पण खुंटीही हवी! एवढ्यासाठी १,३०८ जणांनी प्रत्येकी अडीच हजार मार्क मोजले, म्हणजे एकूण ३२ लाख ७० हजार मार्क. मी त्यांना हसत नाही. मीही त्यांच्याच रांगेत उभा राहिलो असतो, किंवा खरं सांगायचं तर त्या रांगेचा फोटो बघत.

बी.एम.डब्ल्यू.ची तऱ्हा आणखी न्यारी. तिच्या ३.० सी.एस.एल. या गाडीला १९७३ साली शर्यतीसाठी मागे मोठा पंख लागला. पण जर्मनीतल्या रस्त्यांवर तसला पंख लावायला कायद्यानं बंदी. मग कंपनीनं काय करावं? पंख डिकीत घालून गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली. लावायचा की नाही हे तुमचं तुम्ही बघा! त्या साली युरोपियन टूरिंग कार अजिंक्यपद या गाडीनं मारलं, त्यात त्या डिकीतल्या पंखाचा वाटा मोठा. इंग्लंडला गेलेल्या पाचशे गाड्यांची कथा याहून सुरस. तिथल्या विक्रेत्यांना वाटलं, इंग्रज साहेबाला हे उपासतापास झेपणार नाहीत. म्हणून कंपनीनं मोठ्या कष्टानं जे काढलं होतं, त्यातलं बरंचसं ‘सिटी पॅकेज’ नावाखाली परत बसवून दिलं.

२००३ साली याच कंपनीनं एम ३ सी.एस.एल. काढली. मूळ एम ३ पेक्षा ११० किलो हलकी. छत कार्बन फायबरचं केलं, तेवढ्यानं सहा-सात किलो वाचले. (घेणाऱ्यानं महिनाभर बटाटेवडा सोडला असता तरी तेवढेच वाचले असते आणि वर डॉक्टर खूश झाला असता.) इंग्लंडात साधी एम ३ चाळीस हजार पौंडांच्या आसपास, आणि ही ५८,४५५ पौंडांना. रेडिओ आणि एअर कंडिशनर काढलेले. पण हवेत म्हणालात तर फुकट बसवून मिळत! टायर इतके शर्यतीच्या थाटाचे, की पावसात ते कसे वागतात याची आपल्याला कल्पना आहे, अशा कागदावर गिऱ्हाइकाची सही घेत. गाडी विकतानाच जबाबदारी झटकणारा हा फॉर्म वाचला आणि मला धंद्यातलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

पोर्शेही मागे नव्हतीच. ९११ जी.टी. ३ आर.एस. नावाच्या गाड्यांत तर दार उघडायला आतून कड्याऐवजी कापडी पट्टी देऊ लागले. लोकलच्या डब्यात लोंबकळून ज्याची हयात गेली, त्याला त्या पट्टीचं कौतुक सांगू नये.

तर प्रश्न असा, की ही गाडी घ्यावी का?

माझ्या मते हिशेब तीन खात्यांत मांडावा लागतो. पहिलं खातं ट्रॅकवर जाणाऱ्याचं. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग म्हणून १९२७ सालचा ट्रॅक आहे, डोंगरातून वळणं घेत जाणारा, फेरी २०.८ किलोमीटरची. ठरावीक दिवशी कोणीही पैसे भरून आपली गाडी तिथे पळवू शकतो; कायद्याच्या लेखी तो टोल भरायचा एकदिशा रस्ताच. तिथे नेहमी जाणाऱ्या माणसाला शंभर किलो कमी असल्याचा अर्थ प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला कळतो. ब्रेक तापत नाहीत, टायर चिकटून राहतात. त्यानं खुशाल घ्यावी. कमी असण्याची किंमत त्याला वसूल होते. मात्र विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचावी. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीतही शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

दुसरं खातं रस्त्यावरच्याचं. त्याच्या वाट्याला येतो तो दणका, आवाज आणि उकाडा. १९७३ ची ती आर.एस. ५.८ सेकंदांत ताशी शंभराचा वेग गाठायची. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादाच सपाट भागात शंभराची. म्हणजे सहा सेकंदांत करमणूक संपली. पुढे लोणावळ्यापर्यंत नुसता खडखडाट. यानं टूरिंग घ्यावी आणि लाजू नये. १,३०८ जण त्याच्या पाठीशी आहेत.

तिसरं खातं सगळ्यात मोठं होत चाललंय. ते लॉकरवाल्याचं. २०१६ साली पोर्शेनं ९११ आर या गाडीचे फक्त ९९१ नग काढले. ते बघता बघता छापील किमतीच्या कितीतरी पट भावानं हातोहात फिरले. घेणाऱ्यातल्या अनेकांनी गाडी चालवलीच नाही. पांघरूण घातलेलं, बॅटरीला चार्जर लावलेला, काट्यावर किलोमीटर नाममात्र. मी आमच्या शाखेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या आहेत. वर्षातून एकदा येऊन पाटल्या बघून परत ठेवणाऱ्या आजीबाई मला ठाऊक आहेत. पण पाटल्या निदान लॉकरसाठी हलक्या करून घडवलेल्या नसतात! जिचं एकेक ग्रॅम वेगासाठी खरवडून काढलं, तिला उभी करून ठेवायची म्हणजे पैलवानाला आखाड्याऐवजी शोकेसमध्ये ठेवण्यासारखं आहे.

लॉकरवाले म्हणतील, “भाव बघा ना!” जरूर बघू. फेरारीची एक जी.टी.ओ. २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. त्या दोनशे स्पोर्ट आर.एस. आज टूरिंगच्या तुलनेत कितीतरी जास्त भाव खातात. पण हा भाव आला कुठून? त्या लिलावातली जी.टी.ओ. १९६२ साली इटलीचं राष्ट्रीय जी.टी. विजेतेपद मारून आलेली. कॅरेरा आर.एस.ची शर्यतीची आवृत्ती १९७३ साली डेटोनाची चोवीस तासांची शर्यत आणि सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ जिंकून बसलेली. कोणीतरी त्या पळवल्या, ठोकल्या, पुन्हा उभ्या केल्या, म्हणून त्यांना आज सोन्याचा भाव. लॉकरातल्या गाडीच्या इतिहासात लिहिणार काय? ‘दरवर्षी बॅटरी बदलली’?

पोर्शेलाही हे कुठेतरी उमगलं असावं. २०१७ साली त्यांनी जी.टी. ३ गाडीचा मागचा पंख काढला, गिअर हातानं बदलायचे ठेवले, नगांची मर्यादा घातली नाही, आणि नाव दिलं ‘टूरिंग’. १९७२ च्या त्या अडीच हजार मार्कांच्या पॅकेजवरूनच हे नाव घेतलं असं कंपनीच सांगते. पंचेचाळीस वर्षांनी खुंटीवाल्यांचा असा जाहीर सत्कार झाला.

तेव्हा सल्ला विचाराल तर एवढाच देईन. गाडी घ्यायच्या आधी कॅलेंडर काढावं आणि वर्षात किती रविवार ट्रॅकवर जाणार त्यावर खुणा कराव्यात. दहा खुणा झाल्या तर सातशे मार्कवाली घ्या. एकही झाली नाही तर अडीच हजारवाली घ्या, कोट खुंटीला टांगा आणि मजेत फिरा. आणि नुसता भाव वाढण्यासाठीच पैसे गुंतवायचे असतील, तर आमच्या शाखेत या. मुदत ठेवीचं व्याज फार नाही. पण तिला पांघरूण घालावं लागत नाही.