मोटारीच्या इंजिनाची जन्मकथा

वाफेच्या इंजिनांत अग्नि बाहेर असतो. भट्टींत कोळसा जळतो, बंबांत वाफ होते आणि ती नळीनें येऊन दट्ट्या ढकलते. मोटारीच्या इंजिनांत मात्र भट्टीहि नाहीं आणि बंबहि नाहीं. अग्नि प्रत्यक्ष सिलिंडरांतच पेटतो. ही युक्ति साधली कशी, हें आज पाहूं.

१८६० सालीं पॅरिस येथें लेन्वार यानें दिव्याच्या गॅसवर चालणारें असें इंजिन बनविलें. गॅस व हवा आंत घ्यावयाची आणि विजेच्या ठिणगीनें लागलीच पेटवावयाची, एवढीच त्याची रीत. इंजिन चाललें, खपलेंहि. पण तें गॅस फार खाई, आणि बहुतेक उष्णता फुकट जाई. मोठी उणीव ही कीं, पेटविण्यापूर्वीं मिश्रण दाबलें जात नव्हतें.

निकोलाउस ओटो हा जर्मनींतील एक फिरता विक्रेता. यंत्रविद्येचें शिक्षण त्यानें घेतलें नव्हतें. १८७६ सालीं त्यानें कोलोनजवळ डॉइट्झ येथें जें इंजिन सिद्ध केलें, त्याचीच रीत आजच्या पेट्रोलच्या मोटारींत चालू आहे. ती समजण्यास रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांपुढें आणा. तिची नळी म्हणजे सिलिंडर. प्रथम दट्ट्या खालीं येतो, एक झडप उघडते व हवा आणि इंधन आंत ओढलें जातें. मग दट्ट्या वर जातो. झडपा मिटलेल्या असल्यामुळें मिश्रण चेंपलें जातें, आजच्या मोटारींत सुमारें दहाव्या हिश्शाइतक्या जागेंत. तिसऱ्या खेपेस ठिणगी पडते आणि तप्त वायु फुगून दट्ट्याला खालीं लोटतो. चौथ्या खेपेस दुसरी झडप उघडते व धूर बाहेर जातो. पायानें चालविण्याच्या शिवणयंत्राची फळी खालींवर होते आणि चाक गोल फिरतें, तसेंच येथें दट्ट्याच्या ये-जा करण्यानें चाक फिरतें.

चार खेपांपैकीं काम देणारी खेप एकच. बाकीच्या तीन जड चाकाच्या वेगावर निभावतात. म्हणूनच जुनी मोटार प्रथम हातानें फिरवून चालू करावी लागे. आतां तें काम विजेची लहान मोटर करते. मिश्रण दाबण्यांत शक्ति खर्चावी लागते, हें खरें; परंतु उडी मारणारा आधीं दोन पावलें मागें सरतो, तसाच हा खर्च आहे. दाबलेला वायु पेटला म्हणजे अधिक फुगतो आणि खर्चाच्या कितीतरी पट परत देतो.

ओटोला पेटंट मिळालें. पण पुढें वाद उपस्थित झाला. बो द रोशा या फ्रेंच गृहस्थानें ह्याच चार खेपा १८६२ सालीं एका पुस्तिकेंत लिहून ठेविल्या होत्या. इंजिन मात्र बनविलें नव्हतें. त्या आधारें १८८६ सालीं जर्मन न्यायालयानें ओटोचें पेटंट रद्द केलें. त्याच वर्षीं कार्ल बेंझ याला आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट मिळालें. तिचें इंजिन चार खेपांचेंच, शक्ति अवघी पाऊण घोड्याची. ओटोच्या कारखान्यांत पूर्वीं काम केलेले डेमलर व मायबाख हेहि हलकीं, वेगवान इंजिनें करूं लागले होते.

ओटो १८९१ सालीं वारला. कल्पना आधीं लिहिली गेली होती, हा न्यायालयाचा निर्णय योग्यच. परंतु ती चौदा वर्षें कागदावर पडून होती, आणि लोखंडांत उतरली ती ओटोच्या हातून. म्हणून कायद्यानें हक्क गेला तरी हें चक्र आजहि त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.